पत्र्याच्या घरातील उन्हाळा : उष्णता अडविण्याचे काही उपाय

मराठवाड्यात किंवा विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दोनच्या सुमारास कोणत्याही खेड्यातून फेरफटका मारला असता एक गोष्ट सहज दृष्टीस पडते. घराचा मालक घरात नसतो. कोणी लिंबाखाली बाज टाकून पडलेला असतो, कोणी देवळाच्या मंडपात, कोणी पारावर. घरात राहतात ती अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसे, बाळंतिणी आणि चुलीपाशी अडकलेल्या स्त्रिया. घर उभारण्यासाठी मनुष्य जन्मभर पैसा साठवितो, आणि वर्षातील ज्या तीन महिन्यांत सावलीची गरज सर्वांत अधिक, नेमक्या त्याच महिन्यांत त्या घरात त्याला बसवत नाही. ह्याचे मुख्य कारण डोक्यावरचा पत्रा हे होय.

काही वर्षांपूर्वी औसा तालुक्यातील एका गावी उन्हाळ्याच्या दिवसांत जाण्याचा योग आला होता. एका घरी पाणी घेण्यास थांबलो. घराच्या भिंती जुन्या, दगडी, अडीच फूट रुंदीच्या. वर मात्र नवा पत्रा. आत पाऊल टाकताच डोक्यावर शेकोटी धरावी तशी झळ लागली. घरातील वृद्ध बाईंना सहज म्हटले, ‘आजी, पूर्वीचे माळवद असते तर किती थंड वाटले असते!’ त्यांनी हातातील तांब्या खाली ठेवला आणि त्या म्हणाल्या, ‘ऊन सोसतंय बाबा, पर डोक्यावर माती नगं.’ पुढे बोलण्यासारखे काही उरले नाही. ते गाव किल्लारीपासून फार लांब नव्हते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, अनंत चतुर्दशीची रात्र सरत असताना, लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत जो भूकंप झाला त्यात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगात ह्याहून मोठे भूकंप पुष्कळ होतात व त्यांत मनुष्यहानी ह्याहून कितीतरी कमी होते. येथे माणसे मेली ती घरांखाली. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, त्यांच्या दोन पाख्यांना बांधून धरणारे आरपार दगड नाहीत, आणि वर एक ते दोन फूट मातीचे माळवद. पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी दरवर्षी नवी पांढरी माती पसरण्याची रीत असल्यामुळे हे ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाढतच गेले होते. हे घर उन्हाळ्यात थंड असे, ह्यात शंका नाही. परंतु भूकंपानंतर त्या भागातील लोकांनी माळवद टाकून पत्रा पत्करला, आणि त्यांना दोष देण्याचा कोणालाही अधिकार नाही.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो : माळवदाचा गारवा त्याच्या ओझ्याविना मिळविता येईल काय? उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्यासाठी उष्णता घरात कोणत्या वाटेने येते, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा भाग थोडा सावकाशीने वाचावा, कारण शेतकऱ्यांच्या शंका बहुधा येथेच निघतात.

उष्णतेच्या तीन वाटा

उष्णता एका ठिकाणाहून दुसरीकडे तीन प्रकारे जाते. तव्यावरील उलथन्याचे टोक तापले की थोड्या वेळाने मूठही तापते, हे वहन. चुलीवरची तापलेली हवा वर चढते व तिच्या जागी खालून थंड हवा येते, हे अभिसरण. शेकोटीपुढे बसले असता तोंड भाजते आणि पाठ मात्र गारच राहते, मधली हवा फारशी तापलेली नसतानाही चेहऱ्याला धग लागते, हे प्रारण. पत्र्याच्या घरात ह्या तिन्ही वाटा एकाच वेळी उघड्या असतात. उन्हाचे प्रारण पत्रा तापविते, पत्रा लोखंडाचा असल्याने ती उष्णता क्षणार्धात खालच्या अंगास पोचते, आणि खालचे अंग आपल्या डोक्यावर अदृश्य शेकोटीप्रमाणे धग सोडू लागते. घरात हवा फार तापलेली नसली तरी पत्र्याखाली बसलेल्या माणसाचे डोके दुखू लागते, ते ह्या धगीमुळे.

आता उन्हाचा हिशेब पाहू. भर उन्हाळ्यात माध्यान्ही एक चौरस मीटर सपाट जागेवर सुमारे ९०० ते १,००० वॅट इतकी उष्णता पडते. वीस फूट लांब व पंधरा फूट रुंद अशा खोलीचे छप्पर सुमारे २८ चौरस मीटर भरते. म्हणजे त्या एका खोलीवर पंचवीस हजार वॅट, अर्थात एक हजार वॅटच्या पंचवीस शेगड्या पेटवून छपरावर मांडल्याप्रमाणे स्थिती होते. भिंतींवर एवढी उष्णता पडत नाही. लातूरच्या टापूत मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि नागपूरच्या टापूत मेच्या अखेरच्या आठवड्यात दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. भिंतींना तेव्हा ऊन जवळजवळ लागतच नाही, सगळा मारा छपरावर होतो. ह्यावरून एक नियम निघतो. ज्याच्याजवळ पैसा थोडा आहे त्याने तो प्रथम छपरावर खर्च करावा, नंतर पश्चिमेच्या भिंतीवर, आणि त्यातून काही उरल्यास इतरत्र. प्रत्यक्षात लोक ह्याच्या उलट करतात. आधी पंखा घेतात, मग कूलर, आणि पत्रा जसाच्या तसा तापत राहतो.

पदार्थापदार्थांतील अंतर

निरनिराळे पदार्थ उष्णता किती सहज वाहून नेतात, ह्याची मोजमापे शास्त्रज्ञांनी केलेली आहेत. लोखंडाच्या वाहकतेचा आकडा सुमारे ५० धरला, तर काँक्रीटचा दीड, विटेचा व मातीचा ०.६ ते ०.८, लाकडाचा ०.१५, गवताच्या किंवा पेंढ्याच्या दाबलेल्या थराचा ०.०७, थर्माकोलचा ०.०३५ आणि कोंडून ठेवलेल्या स्थिर हवेचा ०.०२५ असा येतो. आकडा जितका लहान तितका तो पदार्थ उष्णतेस अधिक अडवितो. शेवटच्या आकड्याकडे विशेष लक्ष द्यावे. पेंढा, भाताचे तूस, लोकर, थर्माकोल ह्या सर्वांचे मर्म एकच आहे : त्यांच्यामध्ये अडकून पडलेली हवा. गोधडीत ऊब कापसाची नसते, कापसात कोंडलेल्या हवेची असते. म्हणूनच ओला झालेला पेंढा किंवा भिजलेली गोधडी निरुपयोगी ठरते. हवेच्या जागी पाणी येते आणि पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक उष्णता वाहते. उष्णता अडविणारा कोणताही थर कोरडा राहिला पाहिजे, ही पहिली अट होय.

माळवदाच्या एक फूट मातीचे अडविण्याचे काम ह्या हिशेबाने दोन सेंटिमीटर थर्माकोल किंवा चार-पाच सेंटिमीटर पेंढा करू शकतो. ओझ्याची तुलना तर आश्चर्यकारक आहे. वर सांगितलेल्या वीस बाय पंधराच्या खोलीवर एक फूट माती घातल्यास ती सुमारे चौदा टन भरते. पाच सेंटिमीटर पेंढ्याचे वजन सव्वाशे-दीडशे किलो, आणि दोन सेंटिमीटर थर्माकोलचे दहा-बारा किलो. भूकंपात छप्पर कोसळलेच तर ह्या आकड्यांतच जगण्या-मरण्याचा फरक आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. माती उष्णता अडविते तशी ती साठवूनही ठेवते. दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंतीत शिरलेली दुपारची उष्णता आतल्या अंगास पोचावयास दहा-बारा तास लागतात. तोवर रात्र होऊन बाहेरची हवा थंड झालेली असते व खिडक्या उघडून ती उष्णता घालवून देता येते. थर्माकोलला हा गुण नाही. म्हणून हलके छप्पर आणि मध्यम जाडीच्या, नीट बांधून काढलेल्या विटेच्या किंवा मातीच्या भिंती, असा मेळ आपल्या कोरड्या प्रदेशास सर्वांत चांगला. जुन्या घराच्या दगडी भिंती ठेवावयाच्या असतील तर त्यांत आरपार बंध घालणे व वरून सलग काँक्रीटचा पट्टा देणे ही कामे आधी जाणत्या अभियंत्याकडून करवून घ्यावीत; गारव्याचा विचार त्यानंतर.

सन २०१८ मध्ये केंद्र सरकारने ‘इको-निवास संहिता’ ह्या नावाने निवासी इमारतींसाठी एक संहिता प्रसृत केली. तीत छपरासाठी असे मान सांगितले आहे की, बाहेरील व आतील तापमानात एका अंशाचा फरक असता दर चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता आत येऊ नये. खेड्यातील लहान घरांना ही संहिता लागू नाही, परंतु मापदंड म्हणून ती उपयोगी आहे. उघड्या पत्र्याचा हाच आकडा पाच किंवा अधिक येतो आणि पाच इंची स्लॅबचा साडेतीन. स्लॅब टाकला म्हणजे घर थंड झाले, ही समजूत किती फोल आहे, हे ह्यावरून दिसेल. स्लॅबचा स्वभाव वेगळा एवढेच : तो दुपारी उशिरा तापतो आणि रात्री दहा-अकरापर्यंत उष्णता ओकत राहतो. पत्र्याचे घर दुपारी जाळते, स्लॅबचे घर झोप जाळते.

पांढरा रंग

सर्वांत स्वस्त उपाय अंगावर आलेले ऊन परत पाठविण्याचा. पांढरा पृष्ठभाग उन्हाचा सत्तर टक्के किंवा त्याहून अधिक भाग परतवितो, जुना काळवंडलेला स्लॅब तीस टक्क्यांच्या आसपास. नवा चकचकीत पत्रा ऊन बऱ्यापैकी परतवितो खरे, परंतु जी उष्णता त्याच्यात शिरते ती तो आकाशाकडे सहज सोडत नाही, म्हणून तोही तापतो. आणि दोन-चार वर्षांनी गंज चढला की ऊन परतविण्याचा गुणही जातो. पांढरा रंग दोन्ही कामे करतो. अहमदाबाद शहरात २०१० च्या मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेने मोठी प्राणहानी झाल्यावर २०१३ पासून जी उष्णता-उपाययोजना आखण्यात आली, तीत पुढे गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याच्या कामाचाही समावेश झाला. तेलंगण राज्याने २०२३ मध्ये ह्यासाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले.

स्लॅबवर चुना उत्तम. कळीचा चुना आदल्या दिवशी भिजत घालावा. पाण्यात चुना टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. चुना उकळून उडतो व डोळ्यांत गेल्यास दृष्टी जाण्याचे भय असते. मुलांना दूर ठेवावे. दुसऱ्या दिवशी तो गोणपाटातून गाळून, त्यात थोडा डिंक किंवा बाजारातील पांढरा चिकट गोंद मिसळून, स्लॅब स्वच्छ झाडून व ओला करून सकाळी किंवा संध्याकाळी दोन हात द्यावेत. पाऊस तो धुऊन नेतो, म्हणून हे काम दरवर्षी होळीच्या सुमारास करावयाचे असते. एका वर्षाच्या कामावर विसंबून पुढील दोन उन्हाळे काढणारे लोक मग ‘चुन्याने काही होत नाही’ असे सांगत फिरतात.

पत्र्यावर मात्र चुना देऊ नये. तो पत्र्यास धरत नाही, पोपडे होऊन पडतो, आणि ओला चुना जस्ताच्या थरास बाधतो. चिकटावा म्हणून काही ठिकाणी त्यात मीठ घालतात. मिठाने तर पत्रा लवकरच गंजतो. पत्र्यासाठी बाहेरच्या कामाचा पांढरा रंग घ्यावा. नव्या पत्र्यावर रंग टिकत नाही. एक पावसाळा जाऊ द्यावा, किंवा जस्ताच्या पत्र्यासाठी म्हणून मिळणारा प्रायमर आधी द्यावा. ह्यास खर्च चुन्यापेक्षा अधिक येतो, पण तो काही वर्षे टिकतो व पत्र्याचे आयुष्यही वाढते. सिमेंटच्या पत्र्यावरही पांढरा रंग चालतो. त्या पत्र्यात ॲसबेस्टॉसचे तंतू असतील तर तो कोरडा घासू नये, कापू नये, भोके पाडू नयेत. त्याची धूळ श्वासावाटे फुफ्फुसांत जाऊन पुढे असाध्य रोग होतात. पाण्याने भिजवून, हलक्या हाताने ब्रश फिरवावा, आणि असा पत्रा नव्याने विकत घेऊच नये.

कार्यकर्त्यांनी गावात हे पटवून देताना भाषणापेक्षा एक प्रयोग करावा. तेलाचे दोन सारखे रिकामे डबे घ्यावेत. एकास बाहेरून चुना लावावा, दुसऱ्यास काजळी. दोहोंत सारखे पाणी भरून ते सकाळी दहा वाजता शाळेच्या अंगणात उन्हात ठेवावेत आणि बारा वाजता मुलांना बोटे बुडवावयास सांगावे. मुले ही गोष्ट घरी सांगतात, आणि ती आपल्यापेक्षा अधिक ऐकली जाते.

पत्र्याखालील तक्तपोशी

पांढऱ्या रंगाने बरेच काम होते. परंतु रात्रीची थंडी आणि पावसाळ्यातील पत्र्याचा खडखडाट त्याने थांबत नाही. त्यासाठी पत्र्याखाली एक दुसरे आच्छादन हवे. कोकणातील जुन्या कौलारू घरांत माळा असे, आणि त्यावर भात, पेंढा, नारळ, जुनी भांडी. लोक त्याला साठवणीची जागा म्हणत. वस्तुतः तो घराचा उष्णतारोधक थर होता. तेच तत्त्व येथे वापरावयाचे.

बांबूच्या तट्ट्या वाशांना खालून बांधाव्यात. पत्रा आणि तट्टी ह्यांमध्ये निदान अर्धा फूट, शक्य तर एक फूट मोकळी जागा असावी, आणि ही जागा आढ्यापाशी व वळचणीपाशी उघडी राहील अशी व्यवस्था करावी. तेथे तापलेली हवा आढ्याकडून बाहेर पडेल व वळचणीतून नवी हवा आत येईल. उघड्या जागांवर बारीक जाळी ठोकावी, अन्यथा ह्या पोकळीत उंदीर, त्यांच्यामागे साप, आणि गांधीलमाशा येतात. तट्टीस खालून व वरून शेणमातीचा पातळ गिलावा द्यावा. ह्याने फटी बुजतात आणि आग लवकर धरत नाही. बांबूस भुंगा लागू नये म्हणून तट्ट्या बांधण्यापूर्वी टाकणखार व बोरिक पावडर ह्यांच्या द्रावणात बुडवून सावलीत वाळवाव्यात. शंभर लिटर पाण्यास तीन किलो टाकणखार व दोन किलो बोरिक पावडर पुरते. हे द्रावण जनावरांच्या व मुलांच्या हाती लागू देऊ नये.

ज्यांना बाजारातील माल घ्यावयाचा असेल त्यांच्यासाठी चकाकणाऱ्या वर्खाचे, मध्ये हवेचे फुगे असलेले गुंडाळीतील आच्छादन मिळते. ते पत्र्याखाली, पत्र्यास न चिकटविता, थोडे अंतर ठेवून ताणावे. चकाकी खालच्या बाजूस असली तरी चालते, नव्हे, तशीच असावी. वरच्या अंगावर धूळ बसून चकाकी जाते, खालच्या अंगावर ती बसत नाही. चकाकणारा पृष्ठभाग स्वतः तापला तरी धग फार थोडी सोडतो, हे ह्यातील इंगित. मात्र समोर मोकळी हवा नसेल तर वर्खाचा काही उपयोग नाही.

थर्माकोलच्या पाट्यांची तक्तपोशी आजकाल तालुक्याच्या गावी सर्रास होते, आणि ती उष्णता उत्तम अडविते. पण ती उघडी ठेवणे धोक्याचे आहे. थर्माकोल झपाट्याने पेटतो, वितळून थेंबथेंब खाली पडतो, आणि त्याचा धूर विषारी असतो. ज्या खोलीत चूल, स्टोव्ह किंवा देवापुढची समई असेल तेथे तो वापरूच नये. इतरत्र वापरल्यास खालून जिप्समच्या किंवा सिमेंटच्या पातळ पाट्यांनी तो झाकावा, आणि त्यामधून जाणाऱ्या विजेच्या तारा नळीतून न्याव्यात.

चुलीच्या खोलीबद्दल आणखी एक सूचना. छपराखाली तक्तपोशी केली की धुराची वाट बंद होते. पत्र्याच्या फटींतून जाणारा धूर आता घरातच कोंडतो व त्याचा त्रास घरातील स्त्रियांना होतो. धुराडे काढल्याशिवाय स्वयंपाकघरास तक्तपोशी करू नये, हे ठामपणे सांगावे.

छपरावर टाकावयाचा पालापाचोळा

पैसा अजिबात नसेल तर पत्र्यावर तुराट्या, गवत किंवा उसाचे पाचट पसरण्याची रीत आहे, आणि ती चांगली आहे. सहा-आठ इंचांचा सैल थर पत्र्यास उन्हाचा स्पर्शही होऊ देत नाही. गोठ्यावर तर हा उपाय अवश्य करावा. संकरित गाईस पंचवीस-सव्वीस अंशांवरच उष्णता जाणवू लागते. तापलेल्या पत्र्याखाली ती धापा टाकते, वैरण कमी खाते आणि दूध आटते. कोंबड्यांची स्थिती ह्याहून वाईट; त्यांना घाम येत नाही, आणि चाळीस अंशांपुढे शेडमध्ये मर सुरू होते.

कडबा मात्र छपरावर टाकू नये. टंचाईच्या वर्षी तो खाली उतरवावाच लागतो, आणि तोवर उन्हाने त्याचा कस गेलेला असतो. पऱ्हाट्याही टाकू नयेत. कपाशीची वेचणी संपल्यावर पऱ्हाट्या उन्हाळाभर रचून ठेवल्यास त्यांतील वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते व पुढील हंगामात पुन्हा कपाशीवर येते. घर थंड ठेवण्याच्या नादात शेत अळीच्या हवाली केल्यासारखे ते होईल.

उरतो तो आगीचा धोका. तो खराच आहे. चुलीच्या खोलीवर हा थर नको. शेजारच्या घरास लागून असलेल्या छपरावर नको. वरून विजेची तार गेली असेल तेथे तर मुळीच नको. ज्या गावात घराला घर लागून आहे तेथे पांढऱ्या रंगावरच समाधान मानावे. वावटळीने थर उडू नये म्हणून पुष्कळ जण छपरावर दगड ठेवतात. किल्लारीच्या टापूत तरी ही सवय सोडावयास हवी. सुतळीचे किंवा काथ्याचे जाळे आवळून बांधावे.

स्लॅबचे घर

स्लॅबवर काम करताना थर बाहेरून, म्हणजे वरून द्यावा. आतून थर्माकोल लावल्यास धग थोडी कमी होते, पण स्लॅब तापावयाचा तो तापतोच. वरून विटांच्या तुकड्यांचा चार इंची कोबा हा जुना व भरवशाचा मार्ग आहे, गळतीही थांबते. पण त्याचे ओझे दर चौरस मीटरला पावणेदोनशे किलोच्या घरात जाते. स्लॅब त्यास पुरेसा आहे की नाही, हे विचारल्याशिवाय गवंड्याच्या सांगण्यावरून कोबा करू नये. मातीची लहान मडकी पालथी मांडून मधल्या फटी चुन्याच्या हलक्या कालव्याने भरण्याचीही एक जुनी पद्धत आहे. मडक्यांत कोंडलेली हवा हाच तेथील रोधक थर. गावात कुंभार असेल तर ही पद्धत अवश्य करून पाहावी. त्याच्या हातालाही काम मिळेल.

भिंती, खिडक्या आणि वेळ

पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी तीन ते सहा सरळ ऊन येते. तेथे पडवी काढावी, नाही तर मांडव घालून दोडका, घोसाळे चढवावे, थोडे अंतर सोडून शेवगा लावावा. ह्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही; जुन्या लोकांना हे सर्व ठाऊक आहे.

खिडक्यांविषयी मात्र एक गैरसमज फार पसरलेला आहे. उकडते म्हणून भर दुपारी दारे-खिडक्या सताड उघडण्यात येतात व बाहेरची बेचाळीस अंशांची झळ घरात घेतली जाते. कोरड्या प्रदेशात ह्याच्या उलट केले पाहिजे. पहाटे चारपासून आठ-नऊपर्यंत सर्व उघडे, नंतर दिवे लागेपर्यंत मोठी दारे-खिडक्या बंद किंवा ओल्या गोणपाटाच्या पडद्याआड, आणि रात्री पुन्हा उघडे. पण हे तेव्हाच चालते जेव्हा छपराचे काम झालेले असते. उघड्या पत्र्याचे घर दुपारी बंद केले तर ती भट्टी होईल. अशा घरात म्हाताऱ्या माणसास किंवा तान्ह्या मुलास दारे लावून झोपवू नये. उष्माघात केवळ शेतातच होतो असे नाही. कोकणात हवा दमट असल्याने हा नियमच लागू नाही. तेथे वारा खेळता ठेवणे हाच उपाय.

विजेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. जुन्या पद्धतीचा ७५ वॅटचा पंखा दिवसात पंधरा तास चालला तर एक युनिटहून थोडी अधिक वीज लागते. कूलरला त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि शिवाय पाणी. जेथे पिण्याचे पाणी टँकरने येते तेथे कूलरच्या टाकीत किती घागरी ओतावयाच्या, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. छप्पर सुधारलेल्या घरात तोच पंखा मंद गतीने पुरतो. वीज गेल्यावर पंखा थांबतो, छपराचे काम चालूच राहते.

औशाकडील त्या आजींच्या घरी पुढील वर्षी पुन्हा गेलो होतो. पत्र्यास पांढरा रंग दिलेला होता, आणि माजघरावर तट्ट्यांची तक्तपोशी. ओझे किती, असे त्यांनी मुलास आधी विचारून घेतले होते. दोन माणसे एक तट्टी सहज उचलतात हे स्वतः पाहिल्यावरच त्यांनी ती बांधू दिली. चुलीच्या खोलीवर अद्याप तक्तपोशी नाही, धुराडे व्हावयाचे आहे. गोठ्यावर तुराट्या पसरलेल्या दिसल्या. त्या मृगापूर्वी, जूनच्या पहिल्या आठवड्यातच, खाली उतरवून पत्रा झाडून घ्यावा, असे त्यांच्या मुलास सांगून ठेवले. पावसात भिजून कुजलेला थर पत्र्यावर राहिला तर पत्रा त्या वर्षीच गंजावयास लागतो.